पगार सुरू झालाय, घरी महिन्याला किती द्यायचे?

खारेगावकर_०२
नमस्कार मंडळी. वय २३, मागच्या वर्षी इंजिनिअरिंग संपलं, आता ऐरोलीला एका कंपनीत सपोर्टला आहे. ऑफर लेटरवर वर्षाला ३ लाख ६० हजार लिहिलं होतं म्हणून घरात सगळ्यांनी सरळ १२ ने भागून ३० हजार पकडले, हातात येतात २५ च्या आसपास. पण आत्यापर्यंत सगळ्यांना ३०च माहितीये त्यामुळे ते एक वेगळंच.

आता प्रश्न. घरी किती द्यायचे? बाबांना विचारलं तर "तुझे तुला ठेव, आम्हाला काय कमी आहे" म्हणतात. ते वागळे इस्टेटला खासगी कंपनीत आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील. आई फॉल-बीडिंग आणि ब्लाउजची कामं घेते. ती काही बोलत नाही पण २० तारखेनंतर "जरा सिलेंडरचे भर रे", "छोटीच्या क्लासचे देशील का" असं सुटं सुटं चालू असतं, ते मिळून महिन्याला किती होतात मी कधी बेरीज केलेली नाही. त्यात ४ लाखाचं एज्युकेशन लोन आहे, त्याचा हप्ता थोड्याच महिन्यांत सुरू होणार.

ऑफिसात विचारावं तर एकेकाचं एकेक. एकजण घणसोलीत रूम शेअर करून राहतो आणि गावी १० हजार पाठवतो, दुसरा ठाणे वेस्टचा, तो घरी एक रुपया देत नाही आणि त्याच्या घरच्यांनाही त्याचं काही वाटत नाही. मलाही घणसोलीला ये म्हणतायत कारण माझी शिफ्ट रात्री ११ ला सुटते, ठाण्याला उतरा, जिना चढा, परत कळव्याची गाडी पकडा. कळवा-ऐरोली रूळ जोडतील तेव्हा जोडतील, सध्या त्यातल्या दिघा गाव स्टेशनवर समाधान माना. तर रूम घ्यावी का, आणि घेतली तर मग घरी काय देणार, असं सगळं एकात एक अडकलंय.

घंटाळीचा_दादा
बाबा "काय कमी आहे" म्हणतात ते हिशोब म्हणून ऐकू नकोस. रिटायरमेंटला आलेला माणूस मुलाकडे पैसे मागत नाही, त्यांच्या पिढीला ते जमतच नाही. त्यामुळे त्यांना परत विचारूही नकोस, "किती देऊ" विचारलं की उत्तर नेहमी "नको"च येणार.

माझ्या मते पगार झाला की त्याच दिवशी ठरलेला आकडा आईच्या खात्यात. बाबांच्या नाही. बाबांच्या खात्यात टाकलास तर ते त्याची एफडी करतील आणि तुझ्या लग्नात काढून तुलाच देतील, आमच्याकडे अगदी हेच झालं आणि तोपर्यंत आई मात्र महिनाअखेर ओढाताणच करत राहिली. घर कोणाच्या हातून चालतं ते बघ आणि तिथे दे. २५ मधले ६-७ हजार सुरुवातीला ठीक, हप्ता सुरू झाला की ५ कर, पण दर महिन्याला तेवढेच आणि त्याच तारखेला. मग ते २० तारखेनंतरचं सुटं मागणं बरंचसं आपोआप थांबतं. आईला मागायला आवडतं असं वाटतंय का तुला?

रूमचं म्हणशील तर मी तरी नाही घेणार. डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं, गादी, बादली, डबा, आणि एवढं सगळं करून शनिवारी कपडे धुवायला कळव्यालाच येणार ना.

सीवूड्सची_मी
दादांशी अर्धी सहमत. आईच्या हातात द्यावे हे पटलं, पण नुसती रक्कम दिली की ती घरात कुठे विरघळते कळत नाही आणि वर्षभराने तुलाच वाटायला लागतं की मी इतके देतो तरी हे लोक मला विचारत नाहीत. मी घरी पैसे देतच नाही, मी खर्च घेतलेत. महावितरणचं बिल, गॅस, इंटरनेट, भावाची फी. ते सगळं माझ्या फोनवर येतं, घरात कोणाच्या डोक्यालाच नाही. बाबांनी पहिले दोन-तीन महिने तोंड फुगवलं, मग लाइट बिल जास्त आलं की मलाच ओरडायला लागले, म्हणजे मान्य झालं.

आणि तू एक गोष्ट जाता जाता लिहिलीस ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, बाबा पुढच्या वर्षी रिटायर होणार. त्यांना कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबर तो पण जातो. आत्ताच आई-बाबांची वैयक्तिक पॉलिसी बघायला घे. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं असते आणि ती पॉलिसी घेतल्यापासून मोजतात, म्हणजे जितकी उशिरा काढाल तितकी पुढे जाते. शुगर, बीपी जे असेल ते फॉर्मवर लिहा. एजंट म्हणेल "लिहू नका हो, प्रीमियम वाढेल", क्लेमच्या वेळी तो फोन उचलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढीच मदत. तुझ्या कंपनीच्या कव्हरमध्ये पैसे भरून आई-बाबांना घालता येत असेल तर घाल, पण त्याच्यावरच विसंबू नकोस, तू नोकरी बदललीस की तेही संपलं.

थोडक्यात तुझ्याकडून घरात कॅशपेक्षा हा प्रीमियम गेला तर जास्त कामाचा. आईला वेगळे दोन-तीन हजार दे, ते तिचे, त्याचा हिशोब विचारायचा नाही.

वाशी_स्लो
आत्याला २५ सांगू नकोस. ३०च राहू दे. खरं सांगितलंस तर "अरे मग त्या अमक्याच्या मुलाला ४० आहेत" सुरू होईल.

बाकी ऑफिसातले घेतायत म्हणून बाईक हप्त्यावर घेऊ नकोस एवढंच.

पेरोलवाला_रबाळे
रोज हेच काम करतो म्हणून लिहितो. ३० चे २५ कसे झाले ते घरी एकदा नीट सांग, नाहीतर त्यांना वाटेल पोरगा ५ हजार कुठेतरी उडवतोय. तुझं बेसिक १५ हजार धरलं तर कंपनीचा पीएफचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सातशे-साडेसातशे हे सीटीसीतच, म्हणजे ऑफर लेटरवरच्या वर्षाच्या आकड्यातच, मोजलेले असतात, ते हातात येतच नाहीत. मग तुझ्या वाट्याचे १,८०० पीएफला, आणि व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. झाले २५ च्या आसपास. इन्कम टॅक्सची काळजी या पगाराला नाही.

आता लोन. वर कोणी त्याच्याबद्दल नीट बोललंच नाही आणि माझ्या मते सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. साधारणपणे शिक्षण संपल्यावर १ वर्ष हप्ता नसतो पण व्याज चालू असतं, ते मुद्दलात जाऊन बसतं. ४ लाख, १० टक्के, ७ वर्षं धरली तर हप्ता ६,६४० च्या आसपास येतो, साचलेलं व्याज धरून त्याहून जास्त. आत्ता हप्ता नाहीये तर तेवढेच पैसे दर महिन्याला बाजूला काढून निदान व्याज तरी भरत जा. एक तर व्याज साचणार नाही आणि दुसरं म्हणजे हप्ता सुरू होईल तेव्हा तुला त्याशिवाय जगायची सवय झालेली असेल. लोनवर बाबा सहकर्जदार असणार, हप्ता चुकला तर सिबिल दोघांचं बिघडतं हे लक्षात ठेव. हप्ता झेपत नसेल तर आधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून माग, हप्ता चुकल्यावर जाऊ नकोस.

म्हणजे २५ वजा साधारण ७. राहिले १८. यात रूम घेतलीस तर घरी शून्य, हे साधं गणित आहे. घरी राहिलास तर दादांचे ५ पण होतात आणि ताईंचा प्रीमियम पण महिन्याला थोडे थोडे साठवून होतो. आणि रूम घेतलीच तर घरमालक कितीही म्हणाला "ओळखीतलं आहे, कशाला खर्च" तरी लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करून घे, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे, ११ महिन्यांचं असलं तरी, आणि करायची जबाबदारी मालकाची आहे.

घंटाळीचा_दादा
लोनचं मी हलक्यात घेतलं होतं, पेरोलवाल्यांचं बरोबर. तरी आईच्या खात्यावर मी ठाम आहे. बिलं भरणं म्हणजे घरात मॅनेजर झाल्यासारखं वाटतं मला, उद्या पोरगा "एसी कमी लावा" सांगायला लागेल.

सीवूड्सची_मी
मी सांगतेच की. बिल कोण भरतं?

खारेगावकर_०२
सगळ्यांना धन्यवाद, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. रविवारी आईला घेऊन बसलो. ती कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते तिथेच बाजूला माझे सुटे पैसे पण तारखेसकट लिहिलेले होते, बेरीज ४ हजाराच्या वर गेली, म्हणजे मी देतच होतो, फक्त दोघांनाही ते दिल्यासारखं वाटत नव्हतं. आता ठरलंय की १ तारखेला ५ आईच्या खात्यात, छोटीचा क्लास त्यातूनच. बाबांना सांगितलं नाही, आई सांगेल तिला जमेल तेव्हा. मेडिक्लेमचं मात्र बाबांशीच बोललो आणि गंमत म्हणजे तिथे ते अजिबात "नको" म्हणाले नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी जुन्या रिपोर्टची फाइल काढून ठेवली.

रूम सध्या नाही. शिफ्ट बदलून मागितलीये, बघू.

एक शेवटचं, पेरोलवाले दादा, कलीग म्हणतो नोकरी बदललीस की पीएफ काढ आणि लोनमध्ये टाक. करू का?

पेरोलवाला_रबाळे
पीएफला २०२४-२५ चं व्याज ८.२५ टक्के आणि तुझं लोन १० चं, त्यामुळे नुसत्या कागदावर कलीग अगदीच चुकीचा नाही. पण सलग ५ वर्षं सेवा व्हायच्या आत काढलास तर त्याच्यावर कराची भानगड येते, आणि पीएफबरोबरच्या पेन्शनला १० वर्षं सेवा लागते, ते पण काढलंस की पाटी कोरी. ट्रान्सफर कर, यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेव, नवीन कंपनीला दुसरा काढू देऊ नकोस. आणि पीएफचं ई-नॉमिनेशन, म्हणजे ऑनलाइन वारस नोंदणी, भरलंयस का? नसेल तर आजच भर, लग्न झालं की आधीचं रद्द होतं, तेव्हा परत भरावं लागेल.