झरमॅटला एक दिवस की दोन रात्री?

*ताई:* गणपती झाले की सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंड. मुक्काम इंटरलाकेनला. झरमॅटला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं धरलंय. मावशी, तिथे काय काय करायचं ते सांग ना.

*मावशी:* एका दिवसात नको गं. आम्ही पहिल्यांदा टूरबरोबर तसंच गेलो होतो. गावावरच्या गोर्नरग्राट डोंगरावर पोचलो तर समोर नुसता पांढरा पडदा. तासभर कुडकुडत उभे राहिलो, मॅटरहॉर्न शिखराचं टोकसुद्धा दिसलं नाही, आणि निघायची वेळ झाली. इतक्या लांब जाऊन तसंच परतायचं म्हणजे जीव हळहळतो. दुसऱ्या वेळी दोन रात्री राहिलो, तेव्हा कुठे दर्शन झालं.

*मामा:* गाडी भाड्याने घेतली तर सोयीचं पडेल का?

*मावशी:* दादा, गावात गाड्या सोडतच नाहीत. माथेरानसारखंच. टेश म्हणजे तिथलं दस्तुरी नाकं, गाडी तिथे लावायची आणि पुढे १२ मिनिटं ट्रेन. गावात फक्त बॅटरीवरच्या ठेंगण्या टॅक्स्या. त्यापेक्षा फिस्प स्टेशनला ट्रेन बदलून थेट गावात उतरा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर तो प्रवास त्यातच येतो, आणि गोर्नरग्राटचं तिकीट निम्म्यात मिळतं.

*बाबा:* माझा गुडघा बघता काय जमेल?

*मावशी:* भाऊजी, बरंच जमेल. गोर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे १८९८ पासून विजेवर चालतेय. साधारण ३३ मिनिटांत ३०८९ मीटरवर नेते. वर जाताना उजवीकडची खिडकी धरा. तिकीट मात्र आदल्या दिवशी काढू नका. सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा, आकाश मोकळं असेल तरच काढा. परतताना रोटनबोडेनला उतरा. तिथून दहाएक मिनिटांवर रिफेलझे तळं आहे. वारा पडलेला असेल तर अख्खा मॅटरहॉर्न पाण्यात उलटा दिसतो. वाट उताराची आणि खडीची आहे, काठी बरोबर ठेवा.

केबल कारने जायचा ३८८३ मीटरवरचा पॉइंट अक्काच्या बीपीला नको. निदान डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

*आई:* नाहीच जाणार. पण ढग असले तर दिवसभर करायचं काय?

*मावशी:* अक्का, त्या दिवशी चर्चजवळचं म्युझियम बघ. मॅटरहॉर्नवर माणूस पहिल्यांदा पोचला १४ जुलै १८६५ ला. एडवर्ड व्हिंपर आणि आणखी सहा जण. उतरताना दोर तुटला आणि चौघं खाली गेले. व्हिंपर आणि गावातले वाटाडे टाउगवाल्डर बाप-लेक एवढेच वाचले. तो तुटलेला दोर तिथे काचेत ठेवलाय. बारीक, टोकाला पिंजलेला. आपल्याकडे कपडे वाळत घालायला बांधतो त्याहून फार जाड नाही. मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही. बाहेर गिर्यारोहकांची दफनभूमी आहे, तिथेही जा. त्या चौघांतल्या लॉर्ड डग्लसचा देह आजवर सापडलेला नाही.

मग हिंटरडोर्फ, म्हणजे जुनं गाव. उन्हाने काळी पडलेली लाकडी कोठारं. खांबांवर जात्याच्या तळीसारखे गोल सपाट दगड, त्यावर कोठार. उंदीर खांब चढतो, पण दगडाच्या कडेवरून पलीकडे जाऊ शकत नाही.

*वहिनी:* शाकाहारी जेवणाचं काय? आईंचं अडेल ना?

*मावशी:* राक्लेट म्हणजे वितळलेलं चीज, उकडलेले बटाटे आणि आंबट काकडी, ते चालेल. रोश्ती बटाट्याची असली तरी त्यात बेकन घालतात, आधी विचारायचं. स्टेशनसमोरच सुपरमार्केट आहे. मेतकूट घेऊन जा. पाणी विकत घेऊ नका, गावातल्या कारंज्यांचं पिण्याजोगं असतं.

*ताई:* हॉटेलशी बोलले. इंटरलाकेनच्या दोन रात्री कमी करून झरमॅटला घेतल्या 🙏 एकच सांग, मॅटरहॉर्न सगळ्यात छान कधी दिसतो?

*मावशी:* सूर्य उगवताना. चर्चजवळच्या पुलावर उभं राहायचं. गाव अंधारात असतं आणि आधी नुसतं टोक केशरी होतं, मग तो रंग हळूहळू खाली उतरतो. सगळा खेळ काही मिनिटांचा.

*आई:* गजर कितीचा लावू?

*मावशी:* सहाचा. पावणेसातला पुलावर हवीस. स्वेटरवर शाल घे, आणि भाऊजींची कानटोपी विसरू नकोस.