ज्वालामुखीचा फुगवटा : मोगी मॉडेल पुरेसं आहे का?

समपातळी
जमीन वर येताना दिसली की लगेच फायनाइट एलिमेंटची जाळी (जमिनीचे असंख्य छोटे तुकडे करून संगणकावर सोडवायचं मॉडेल) बांधायला घेतात, ते मला पटत नाही. १९५८ चं मोगी मॉडेल मॅग्माचा साठा म्हणजे एकसंध, लवचीक खडकातला छोटा गोल स्रोत मानतं. त्यात चारच अज्ञात असतात: स्रोताच्या जागेचे दोन आकडे, खोली आणि आकारमानातला बदल. फुगवटा माथ्यापासून निम्म्यावर येतो ते अंतर खोलीच्या ०.७७ पट, म्हणजे खोलीचा अंदाज आलेखावरूनच येतो. पॉयसन गुणोत्तर (खडक एका दिशेने दाबला की बाजूंना किती फुगतो त्याचं माप) ०.२५ धरून ४ किमी खोलीवर १ कोटी घनमीटर भर पडली, तर माथ्यावर साधारण १५ सेमी. डेटा दोन-तीन जीपीएस केंद्रांचा असेल तर वीस अज्ञातांचं मॉडेल कशाच्या जोरावर सोडवणार?

तप्तखडक
आकारमान जुळतं, दाब जुळत नाही. इटलीत नेपल्सजवळचा काम्पी फ्लेग्रेई ज्वालामुखी घ्या. १९८२ ते ८४ मध्ये तिथल्या पोझुओली गावाची जमीन सुमारे १.८ मीटर वर आली. स्रोत ३ किमीवर, त्रिज्या १ किमी, शिअर मापांक (खडकाच्या ताठपणाचं माप) १० गिगापास्कल धरा. आकारमान सुमारे ७ कोटी घनमीटर येतं, ते ठीक. दाबवाढ मात्र २०० मेगापास्कलच्या वर जाते! एवढ्या दाबाच्या कितीतरी आधी खडक फुटेल.

समपातळी
तो दोष मापांकाचा. तिथला वरचा थर मऊ टफचा, म्हणजे घट्ट झालेल्या ज्वालामुखीच्या राखेचा आहे. २ गिगापास्कल घातलेत तर दाब ४३ मेगापास्कलवर येतो.

तप्तखडक
पण मग एकसंध अर्ध-अवकाशाचं (वर सपाट, खाली अमर्याद, सगळीकडे सारखाच खडक) गृहीतकच मोडलं ना? वर मऊ, खाली कठीण असे थर आले की खोलीचं उत्तरही सरकतं. शिवाय साठ्याभोवतीचा तापलेला खडक लवचीक राहत नाही, हळूहळू वाहतो. दाब स्थिर असतानाही जमीन वर येत राहते. मोगी त्या प्रत्येक सेंटीमीटरला नवा मॅग्मा समजतो.

इनसारवाला
दोघंही डेटा स्वच्छ धरून बोलताय. इनसारमध्ये दोन वेळच्या रडार चित्रांच्या तुलनेतून जमिनीची हालचाल रंगीत पट्ट्यांत दिसते. सेंटिनेल-१ उपग्रहाच्या अशा चित्रात एक पट्टा म्हणजे उपग्रहाच्या दिशेने २.८ सेमी, आणि उंच डोंगरावर हवेतल्या बाष्पामुळे तेवढाच खोटा फुगवटा दिसू शकतो. पट्टे उंचीच्या रेषांना धरून चालले तर आधी शंका घ्या. चढत्या आणि उतरत्या, दोन्ही कक्षांची चित्रं हवीतच. नुसत्या उभ्या हालचालीवरून गोल साठा आणि आडवी सिल (थरांमध्ये घुसलेला मॅग्माचा सपाट पत्रा) यांत फरक करता येत नाही. तो आडव्या हालचालीत दिसतो. मोगीत आडवी भागिले उभी म्हणजे अंतर भागिले खोली. सिलमध्ये आडवी त्याहून कमी भरते.

तप्तखडक
मान्य, म्हणून जाळी बांधतानाही आधी सपाट, एकसंध जमीन घेऊन मोगीशी ताडून बघायचं. बाजू आणि तळ स्रोताच्या खोलीच्या किमान दहापट दूर, तिथे हालचाल शून्य, वरचा पृष्ठभाग मोकळा, स्रोताजवळ जाळी दाट. माथ्यावर काही टक्क्यांहून जास्त फरक आला तर बहुधा सीमा जवळ आहेत किंवा जाळी विरळ. मगच डोंगराचा उतार आणि थर घालायचे.

समपातळी
ताळा मोगीवरच करायचा असेल तर सुरुवातही तिथूनच करू. थर घाला, पण भूकंपलहरींच्या वेगावरून मापांक मिळाला असेल तेव्हाच. आकडे जुळावेत म्हणून निवडलेला मापांक मला चालणार नाही, माझा २ गिगापास्कलसुद्धा.