मदत हवी आहे: अगदी कोरड्या वाइन कुठल्या क्रमाने चाखाव्यात?

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आम्ही पाच जण घरी जमतोय. गोडवा जवळजवळ नसलेल्या चार बाटल्या जमवल्यात: मस्कादे आणि शाब्ली (दोन्ही फ्रान्सच्या पांढऱ्या वाइन), मान्सानिया शेरी आणि ब्रूट नेचर शॅम्पेन, म्हणजे लिटरमागे साखर 3 ग्रॅमपेक्षा कमी आणि वरून घातलेली अजिबात नाही.

माझा जीव अडकलाय तो मान्सानियात. स्पेनमधल्या सांलुकार गावची, पालोमिनो द्राक्षांची. पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरते, तिला फ्लोर म्हणतात. ही साय हवा अडवते, शिवाय वाइनमधलं ग्लिसरीनही खाते, म्हणून ती इतकी सडसडीत लागते. मागे एकदा प्यायलो होतो: फिकट गवती रंग, भिजवून सोललेल्या बदामांचा वास, आणि घोट गेल्यावर जिभेच्या कडांवर बराच वेळ रेंगाळणारा खारटपणा. पण अल्कोहोल 15 टक्के, बाकीच्यांत 12च्या आसपास. ती शेवटी ठेवावी का? तिच्यानंतर शाब्ली पाणचट लागेल अशी धास्ती वाटते.

दुसरं, दोघांना नाशिकच्या किंचित गोडसर शेनँ ब्लाँची सवय आहे. ते कोरडं आणि आंबट यांत गल्लत करतात. बिनसाखरेचं लिंबूपाणी आणि कोरा चहा आधी चाखायला देऊन फरक दाखवता येईल का? कुणी असं काही करून पाहिलंय?

सोबत तिसऱ्या (शिंपल्या) करणार आहे, मिरची जवळजवळ नाही, ओलं खोबरं बेताचं. की खोबऱ्याचा गोडवाही नडेल?