मदत हवी आहे : मराठी शोधनिबंधाला तळटिपा आणि संदर्भसूची नेमकी कशी द्यायची? (विषय : प्रति सरकार)

कराडची_अनू

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधन प्रकल्पाचा विषय प्रति सरकारचा (बेचाळीसच्या चळवळीतून साताऱ्यात उभं राहिलेलं समांतर सरकार) काळ आणि शेणोली परिसरातली गावं. आमचं गाव कराड तालुक्यातच, त्यामुळे साहित्य जमवायला त्रास झाला नाही. लिखाणही बरंचसं झालंय. गाडी अडलीय ती तळटिपांवर.

आम्हाला जे पत्रक दिलंय ते इंग्रजीत आहे, उदाहरणं सगळी परदेशी लेखकांची. 'शिकागो पद्धत वापरावी' एवढं एक वाक्य. मार्गदर्शक सर म्हणाले, जुने प्रबंध बघ आणि तसं कर. ग्रंथालयात बसून जुने प्रबंध चाळले, तर एकात आडनाव आधी, दुसऱ्यात नाव आधी, तिसऱ्यात नुसतंच 'कित्ता, पृ. ४२'. कुणाचं धरायचं?

शिवाय माझी साधनं सरळ पुस्तकांसारखी नाहीत. एका स्वातंत्र्यसैनिकाच्या गौरवाची स्मरणिका आहे, तिच्यावर सालच नाही. गॅझेटिअर मी नेटवर वाचलं, तिथे पानं नाहीत. मुंबईच्या पुराभिलेखागारातली एक फाइल मी स्वतः पाहिलेली नाही, एका इंग्रजी पुस्तकात तिच्यातला उतारा आहे आणि तो मला हवाय. गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांशी बोलून मोबाइलवर रेकॉर्ड केलंय, त्याची नोंद कशी करायची तेही कळेना. आणि मधे एखादी नवी तळटीप घातली की खालच्या सगळ्या 'तत्रैव'ची (म्हणजे 'वरच्याच पुस्तकात') वाट लागते, हा तर रोजचा वैताग.

पुढच्या आठवड्यात कच्चा मसुदा द्यायचाय. कुणी रांगेला लावून देईल का?

माणदेशी

अनू, विषय झकास. उत्तर जाणकार देतीलच, मी आपला पाट टाकून बसतो. एक सांगतो, १८८५ चं सातारा गॅझेटिअर १९४२ साठी काय कामाचं? बेचाळीसच्या भानगडी त्यात असणार कुठून!

कराडची_अनू

काका, ते जमिनी, पिकं, बाजाराची गावं यासाठी. पहिलं प्रकरण परिसराच्या ओळखीचं आहे.

निवृत्त_ग्रंथपाल

मग ठीक आहे. पण त्याच कामासाठी १९६३ चं सातारा जिल्हा गॅझेटिअरही पाहा. महाराष्ट्र शासनाचं आहे आणि १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा खंड वेगळा. संदर्भ देताना 'सातारा गॅझेटिअर' एवढंच लिहिलंस तर परीक्षकाला कळणार नाही तू कोणतं वाचलंस. मालिका, खंड आणि साल तिन्ही हवं. नेटवरच्या पाठाला पानं नसतील तर प्रकरणाचं आणि पोटमथळ्याचं नाव दे, संकेतस्थळ दे आणि पाहिल्याची तारीख दे. त्यापेक्षा चांगलं म्हणजे छापील खंडाचं स्कॅन मिळव, तिथे पृष्ठांक असतात. अंदाजाने पृष्ठांक मात्र कधीही घालू नकोस.

नाव-आडनावाचा घोळ सोपा आहे. शिकागोच्या तळटिपांच्या पद्धतीत तळटिपेत नाव आपण बोलतो तसं येतं आणि शेवटच्या सूचीत आडनाव पुढे येतं. म्हणजे तळटिपेत 'य. दि. फडके' आणि सूचीत 'फडके, य. दि.'. तू पाहिलेल्या पहिल्या दोन प्रबंधांपैकी कोणी चुकलं असेलच असं नाही, कदाचित एकीकडे तू सूची पाहिलीस आणि दुसरीकडे तळटीप. सूची अकारविल्हे लाव, मराठी आणि इंग्रजी पुस्तकांच्या याद्या वेगळ्या कर, आणि अप्रकाशित कागदपत्रं, वर्तमानपत्रं, मुलाखती यांना पुस्तकांच्या आधी स्वतंत्र मथळे दे. इतिहासाचा परीक्षक सूची उघडतो तेव्हा आधी हेच बघतो की प्राथमिक साधनं किती आहेत.

तळटीप

वरच्या ग्रंथपाल काकांशी सहमत. 'तत्रैव'वर माझा तोडगा : वापरूच नकोस. शिकागोच्या २०१७ च्या सतराव्या आवृत्तीनेसुद्धा 'इबिड' (इंग्रजीतलं 'तत्रैव') टाळा असंच सांगितलंय. पहिल्यांदा पूर्ण संदर्भ द्यायचा, पुढे दरवेळी आडनाव, पुस्तकाचं छोटं नाव आणि पान. मधे शंभर तळटिपा घुसल्या तरी काही बिघडत नाही. 'उपरोक्त' तर त्याहून वाईट, वाचणाऱ्याने वर किती पानं चढायचं?

आणि तळटिपा हाताने टाइप करत असशील तर आजच थांबव. वर्डमध्ये कंट्रोल, आल्ट आणि एफ एकत्र दाबलं की तळटीप येते आणि आकडे आपोआप बदलतात. काहीजण अजूनही आकडा टाकून तो वर उचलतात, मग एक ओळ हलली की सगळं पान विस्कटतं.

खंडाळा_घाट

झोटेरो वापरा ना, फुकट आहे, एका क्लिकवर सूची तयार.

तळटीप

इंग्रजी पुस्तकांना उत्तम. मराठी नोंदींत तेच इंग्रजीतून 'एडिटेड बाय' टाकतं आणि मग 'संपा.' हाताने करत बसावं लागतं. साठ-सत्तर नोंदींसाठी मी तरी हातानेच लिहीन. अनूकडे आठवडाच आहे, आता नवं सॉफ्टवेअर शिकायची ही वेळ नव्हे.

मोडीवाला

फाइलबद्दल बोलतो, कारण इथेच मुलं फसतात. तू फाइल पाहिलेली नाहीस तर थेट फाइलचा क्रमांक देऊन मोकळी होऊ नकोस. तळटीप अशी :

महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, मुंबई, होम डिपार्टमेंट (स्पेशल), फाइल क्र. अमुक, साल तमुक. उद्धृत, लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, साल, पृ. अमुक.

सूचीत फक्त ते पुस्तक जाईल, फाइल जाणार नाही. 'उद्धृत' लिहिलं की निबंधाची किंमत कमी होते असं पोरांना वाटतं. उलट आहे. त्या लेखकाने उतारा अर्धाच घेतला असेल, किंवा फाइलचा आकडा छपाईत चुकला असेल, तर ती जबाबदारी त्याची राहते. आणि तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, 'फाइल कोणत्या रंगाच्या कागदावर होती हो?' तर घाम फुटत नाही.

उतारा इंग्रजीत असेल तर मजकुरात तुझा मराठी अनुवाद घाल आणि तळटिपेत 'अनुवाद प्रस्तुत लेखिकेचा' असं म्हण. पोलिसांच्या कागदात प्रति सरकारच्या लोकांना दरोडेखोर म्हटलेलं सापडेल. तो शब्द अवतरणचिन्हात ठेव आणि कोणाच्या अहवालातला आहे ते वाक्यातच सांग, तळटिपेवर ढकलू नकोस.

माणदेशी

मोडीवाले, एक अवांतर. माझ्या भाचीचा प्रकल्प साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळातला आहे. पत्रांवर शके आणि काही ठिकाणी सुहूर सन (जुन्या कागदांतली अरबी वर्षगणना). इसवी सन कंसात लिहावा की तळटिपेत?

मोडीवाला

मूळ तारीख जशीच्या तशी, आणि लगेच कंसात इसवी सन. वाचणाऱ्याला खाली बघायला लावू नये. हिशेब असा की शकात ७८ मिळवायचे, पण शक चैत्रात बदलतो, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. शिवजन्माची फाल्गुन वद्य ३ शके १५५१ म्हणून १६३० मध्ये येते आणि राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६ ही १६७४ मध्ये. सुहूर सनात ५९९ मिळवायचे, पण तो मृगाला बदलतो, त्यामुळे जानेवारी ते मृगापर्यंत ६००. दिवस काढायचा तर जंत्रीच (जुन्या-नव्या तारखांचा मेळ देणारं कोष्टक) घ्यावी, तोंडी गणित करू नये. कोणती जंत्री वापरली ते एकदा पहिल्या तळटिपेत सांगितलं की पुरे.

आणि पेशवे दप्तराच्या छापील खंडांतलं पत्र असेल तर खंडाबरोबर लेखांक द्यायला सांगा. पृष्ठापेक्षा लेखांक लवकर सापडतो. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या बाबतीत तर आवृत्ती लिहिलीच पाहिजे. १८२६ चा लंडनचा मूळ ग्रंथ तीन खंडांत आहे, १९२१ ची ऑक्सफर्डची आवृत्ती दोन खंडांत. 'खंड २, पृ. १५०' असं कुणी लिहिलं तर दोन्हीकडे निराळंच पान उघडतं.

कराडची_अनू

सगळ्यांचे खूप आभार. मोडीवाले सर, 'उद्धृत'चं पटलं, तसंच करते. स्मरणिकेचं आणि मुलाखतींचं काय करू?

निवृत्त_ग्रंथपाल

स्मरणिका पुन्हा हातात घे. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ सोडून आत बघ. शुभेच्छापत्रांच्या खाली तारखा असतात. समितीच्या मनोगताखाली असते. जाहिरातींत साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचं साल असतं. ग्रंथालयाची प्रत असेल तर शिक्क्यात दाखल क्रमांक असेल, तो दाखल नोंदवहीत काढायला सांग. पुस्तक त्या तारखेनंतरचं असू शकत नाही एवढं तरी नक्की होतं. यातून साल सापडलं तर चौकोनी कंसात लिही, म्हणजे ते अनुमानाने काढलेलं आहे हे कळतं. नाहीच सापडलं तर 'प्रकाशनवर्ष नमूद नाही' असं सरळ लिही. प्रकाशक म्हणून गौरव समितीचं नाव, जसं छापलंय तसं.

गावाच्या नावाबद्दलही तेच. तू ज्या काळावर लिहितेस तेव्हा वाळवा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं. मजकुरात 'तत्कालीन सातारा जिल्हा' म्हण, पण पुस्तकाच्या नोंदीत शीर्षकात आणि प्रकाशनस्थळात छापलेलं नावच ठेव, आपण दुरुस्ती करायची नाही.

वाळव्याची_ताई

मुलाखतींवर मी लिहिते, माझा पीएच.डी.चा अर्धा जन्म त्यातच गेला.

नोंदीत सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, मुलाखतीची तारीख आणि ठिकाण, मुलाखत कोणी घेतली आणि ध्वनिमुद्रण कुणाकडे आहे, एवढं येऊ दे. पण अनू, त्यांचं वय किती गं? शेणोलीला ७ जून १९४३ ला रेल्वेचा खजिना तुफान सेनेने (प्रति सरकारचं सशस्त्र दल) अडवला, तेव्हा यातलं कोण जाणत्या वयाचं होतं? आज ऐंशी वर्षांच्या माणसाने ती गाडी पाहिलेली नाही. त्याने वडिलांकडून ऐकलंय, चावडीवर ऐकलंय, पुढे शाळेच्या भाषणात ऐकलंय. ऐकीव म्हणून टाकून देऊ नकोस, पण तळटिपेत 'वडिलांकडून ऐकलेली हकीकत' हे शब्द हवेतच. परीक्षक तिथेच पकडतात.

दुसरं त्याहून नाजूक आहे. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये पत्री मारल्याच्या (तळपायांवर मारायची शिक्षा) गोष्टी असणार. अमक्याला मारली, तमका पोलिसांना खबर द्यायचा. ही नावं गावात अजून जिवंत आहेत, म्हणजे माणसं नाहीत पण घरं आहेत. नातवंडं तुझ्या वर्गातही असतील. सांगणारा खुशीत बोलून जातो, छापलेलं बघितल्यावर मात्र त्याच्याच दारात भांडण येतं. मी माझ्या कामात खबऱ्या म्हटल्या गेलेल्यांची नावं एका सांगणाऱ्याच्या शब्दावर कधी घातली नाहीत, 'गावातील एक सावकार' किंवा 'क्ष' असं लिहिलं आणि मूळ नावांचा कागद मार्गदर्शकांकडे बंद पाकिटात दिला. ज्याचं नाव सरकारी कागदात आणि छापील पुस्तकात दोन्हीकडे आहे त्याचं घालायला हरकत नाही, तिथे तळटीप त्या कागदाची दे, मुलाखतीची नको.

आणि संमती. कागदावर सही मागितली की म्हातारी माणसं बिचकतात, सातबाऱ्याची भीती असते. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला 'आजोबा, हे मी कॉलेजच्या कामासाठी लिहिणार आहे, नाव घालू ना?' असं विचारून त्यांचं 'घाल की' तेवढं ध्वनिमुद्रित करून घे. आधी केलं नसशील तर पुन्हा जा, चहा पिऊन ये.

कराडची_अनू

ताई, तिघांपैकी एक आजोबा ब्याण्णव वर्षांचे आहेत, म्हणजे त्या वेळी शाळकरी. बाकीचे दोघे नंतरचे. पत्रीची नावं दोन ठिकाणी आहेत, ती मी काढते. बोली तशीच ठेवू की प्रमाण मराठी करू? आजोबा 'आमी बगितलं न्हाय, आयकलं' असं बोलतात.

वाळव्याची_ताई

अवतरणात तशीच ठेव. दोनतीन वाक्यं पुरेत. बाकीचा आशय तुझ्या शब्दांत आणि तळटीप मुलाखतीची. उतारेच्या उतारे दिलेस तर तुझं म्हणणं कुठे गेलं ते कळत नाही.

खंडाळा_घाट

आणि साहित्यचौर्य तपासणारं सॉफ्टवेअर? दहा टक्क्यांच्या वर गेलं की नापास म्हणे.

तळटीप

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि नीट संदर्भ दिलेली अवतरणं आणि सूची त्यात मोजायची नसतात. नापास वगैरे घाबरवायला म्हणतात. पण वाक्याचे दोन शब्द बदलून तळटीप खाली चिकटवली तर सॉफ्टवेअर सोड, सरच पकडतील. त्यांनी ती पुस्तकं वाचलेली असतात.

कराडची_अनू

रात्री बसून ही नोंद केलीय. बघून सांगाल? नाव इथे घातलेलं नाही.

क्ष (वय ९२), मु. पो. अमुक, ता. कराड, जि. सातारा, यांची प्रस्तुत लेखिकेने घेतलेली मुलाखत, दि. अमुक, त्यांच्या राहत्या घरी. ध्वनिमुद्रण लेखिकेच्या संग्रही. शेणोलीच्या घटनेची हकीकत वडिलांकडून ऐकलेली, भूमिगतांना भाकरी नेऊन देण्याची आठवण स्वतःची.

वाळव्याची_ताई

शेवटचं वाक्य फार चांगलं झालंय, सगळ्या मुलाखतींना असंच कर. फक्त मुलाखत किती वेळाची होती ते आणि ध्वनिमुद्रणातली मिनिटं घाल, म्हणजे भाकरीची आठवण कुठे आहे ते सरांना लगेच ऐकता येईल. आणि रेकॉर्डिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर घे बाई, मोबाइल पडला तर सगळंच गेलं.

निवृत्त_ग्रंथपाल

सूची झाली की इथे टाक. अकारविल्हे मी तपासून देतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे लावायचे यावरून माझी चाळीस वर्षं भांडणं झालीत.