जत्रेतला दहीकाला: मुलगी रात्रभर टिकेल का?

यंदा त्रिपुरी पौर्णिमेनंतर कुडाळजवळच्या आमच्या गावच्या जत्रेला लेकीला नेतेय, दहीकाला म्हणजे तिथलं रात्रभर चालणारं दशावतारी नाटक बघायला. ती आठ वर्षांची. मी लहानपणी दशावतार आजीच्या मांडीवर पेंगत बघितला, त्यातला फक्त संकासुर राक्षस आठवतो. तिला मात्र नीट दाखवायचाय. किती वाजता न्यावं?

प्रतिसाद १:
ताई, नाटकाच्या वेळेला नका जाऊ, तासभर आधी जा. देवळामागे नटमंडळी आपापली रंगाची पेटी उघडून बसलेली असतात. हातात छोटा आरसा, आणि प्रत्येक जण स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो. दाढी घोटून आलेला माणूस अर्ध्या तासात नऊवारी नेसून, गजरा माळून द्रौपदी होऊन उठतो. माझ्या मुलाला हेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. आणि तिला हेही सांगा, की यांच्याकडे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात.

प्रतिसाद २:
दुपारी झोपवा. गोधडी न्या, पहाटे दव पडतं.

प्रतिसाद ३:
संकासुराला घाबरेल, काळा वेश आणि ती लाल जीभ! पण तो मालवणीत बोलायला लागला की पोरं हसतात. मधे झोपली तर झोपू दे. पखवाज आणि झांज वाढली, की युद्ध आलं समजा, तेव्हा उठवा. नाटकाच्या शेवटी पहाटे फुटणारी दहीहंडी मात्र चुकवू नका.

मूळ लेखिका:
गोधडी आजीचीच काढते. पेटी उघडायच्या आधी पोचतो आम्ही.