हाताला जपायचं म्हणजे हात हलवायचाच नाही का?

तळ्याकाठची
स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन मला तीन वर्षं झाली. काखेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, बार्शीला जाऊन शेकही (रेडिएशन) घेतला. घरी आल्यापासून सगळ्यांचं एकच पालुपद, "हाताला जप." भाजीची पिशवीसुद्धा मुलगा हातातून काढून घ्यायचा. वर्षभरात खांदा इतका आखडला, की अंबाडा घालायला हात वर जाईना. आता पहाटे सिद्धेश्वर तलावाकडे चालते, घरी पाण्याच्या बाटल्या उचलते. अर्ध्या लिटरपासून सुरुवात केली, आता लिटरवर आले. तर ओळखीच्या बायका म्हणतात, "एवढं भोगलंस, आता कशाला जीव दमवतेस?" माझं स्पष्ट मत आहे, ही भीती आपणच बाईच्या अंगात भरवतो.

सूप-पत्ता
ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. माझी आई चाळीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन बसली की हजार विड्या होईपर्यंत उठायची नाही. केमोनंतर बोटांना मुंग्या येतात, तळपाय बधिर. परवा उंबऱ्यावर पाऊल पडलेलं तिला कळलंच नाही, भिंत धरली म्हणून वाचली. रात्रभर झोपली तरी थकवा उतरत नाही, आणि लोक तिला "जरा फिरत जा" म्हणून शहाणपण शिकवतात. मला खरी भीती वेगळीच आहे. उद्या दुखणं उलटलं तर हेच लोक म्हणतील, व्यायाम केला नाहीस म्हणून. आजाराचा दोष बाईच्याच माथी मारायला आणखी एक निमित्त.

फिजिओ, जुळे सोलापूर
काखेतल्या गाठी काढल्या की हाताला सूज येऊ शकते, म्हणून पूर्वी "वजन उचलू नका" हेच शिकवलं जायचं. 1996 साली कॅनडात व्हँकुव्हरला एका डॉक्टरांनी या आजारातून उठलेल्या 24 बायकांना होडी वल्हवायला बसवलं. दंडाला एवढं जोराचं काम देऊनही त्यांच्या हाताला सूज आली नाही. 2009 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला. त्यात हाताला आधीच सूज असलेल्या 141 जणी होत्या. निम्म्या जणींनी वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रकार कमी झाले. मात्र त्यांच्या हातावर दाबाची बाही (सूज आवरायला हात घट्ट धरून ठेवणारी) होती, सुरुवातीचे तीन महिने शिकवणारं माणूस समोर होतं आणि वजन अगदी हळूहळू वाढवलं होतं. हे विसरून चालणार नाही.

सूप-पत्ता, आईंना एवढ्यात तलावावर पाठवू नकाच. बधिर पायांनी अंधारात चालणं धोक्याचं. मुंग्यांबद्दल डॉक्टरांना नक्की सांगा. तोवर खुर्चीत बसून टाच-चवडा उचलणं, ओटा धरून उभं राहणं एवढं पुरे. आणि केमोत लाल रंगाचं औषध (डॉक्सोरुबिसिनसारखं) असेल तर ते हृदयाला त्रास देऊ शकतं. थोड्या श्रमानेही धाप लागत असेल तर आधी तपासणी.

होम मैदान
अभ्यासाचं सांगू नका. माझ्या बायकोने मोबाइलवर बघून थेट पाच किलोचे डंबेल आणले. आठवड्यात हात असा सुजला, की बांगड्या कापून काढाव्या लागल्या. शिवाय ती बाही मे महिन्यात, 42-43 अंशात तासभर तरी अंगावर ठेवून दाखवा. आम्ही व्यायाम सोडला, सुखात आहोत.

तळ्याकाठची
दादा, वहिनींचं वाचून वाईट वाटलं. पण चूक पहिल्याच दिवशी पाच किलो उचलण्याची होती. त्यांचा हात आता खांद्याच्या वर जातो का, तेवढं एकदा बघा. बाहीचं म्हणाल तर मीही उन्हाळ्यात रडकुंडीला येते, म्हणून पहाटेच उरकते.

सूप-पत्ता, दोष देण्याबद्दल तू लिहिलंस ते मला लागलं. मी हे दुखणं परत येऊ नये म्हणून करत नाही, त्याची खात्री मला कोण देणार? माझा अंबाडा मला घालता यावा म्हणून करते. मागच्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला गेले तेव्हा तो मी स्वतः घातला होता. आईंना आळशी म्हणणाऱ्यांशी मीही भांडेन. पण तू त्यांना एकदा विचार तरी, त्यांच्या मनात काय आहे.

सूप-पत्ता
विचारलं. म्हणाली, "तळ्यावर नको, केस अजून नीट आले नाहीत, सगळ्या बघत्यात." मग स्वतःच म्हणाली, दर शंभर विड्या झाल्या की सूप खाली ठेवून उठते. आज दुपारपर्यंत तीनदा उठली, दाराची चौकट धरून.