अण्णांचे लिम्फोसाइट दोन वर्षं चढेच आहेत, पुढे काय करावं?

कृष्णाकाठची : नमस्कार मंडळी. माझे वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आहे, राहायला सांगलीजवळच्या गावात. शुगरबरोबर दर वर्षी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पांढऱ्या पेशी १०,९०० आणि त्यातले लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ५२ टक्के, फेब्रुवारी २०२४ मध्ये १२,३०० आणि ५६ टक्के, आता मार्च २०२५ मध्ये १४,१०० आणि ६१ टक्के. हिमोग्लोबिन १३.४, प्लेटलेट २ लाख २० हजार. ताप नाही, खोकला नाही, रोज मळ्यात चक्कर असते. गावातल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, पण काउंट हलला नाही. भाऊ म्हणतो, म्हातारपणी असं चालायचंच. मला मात्र झोप येत नाही. कुणाला अनुभव आहे का?

जांभळी ट्यूब : ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालेली टेक्निशियन. डॉक्टर नाही, पण अशा स्लाइड आयुष्यभर पाहिल्यात.

आधी टक्के बाजूला ठेवा. एकूण पांढऱ्या पेशींना त्या टक्क्यांनी गुणलं की खरा आकडा मिळतो, त्याला अ‍ॅब्सोल्यूट काउंट म्हणतात. मोठ्या माणसात तो साधारण १,००० ते ४,००० असतो. अण्णांचा आधी ५,६६८, मग ६,८८८ आणि आता ८,६०१. म्हणजे वाढ खरी आहे आणि ती टिकून आहे. विषाणूच्या तापानंतर लिम्फोसाइट वाढतात, पण बहुतेकदा काही आठवड्यांत उतरतात. दोन वर्षं टिकलेल्या वाढीचं कारण शोधलंच पाहिजे. वयावर ढकलून सोडू नका, हे भावाला माझ्या वतीने सांगा.

पुन्हा मशिनवरची सीबीसी करत बसू नका. पॅथॉलॉजिस्टने स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, डोळ्यांनी पाहायला हवा. लेशमन स्टेन नावाचा रंग दिलेल्या स्लाइडवर एकसारखे, छोटे, गच्च केंद्रकाचे लिम्फोसाइट दाटीने दिसतात आणि मधे मधे फुटून पसरलेले जांभळे डाग असतात, त्यांना आम्ही स्मज सेल म्हणतो. असं दिसलं की सीएलएलची शंका येते, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, हा रक्ताचा कर्करोग. स्मिअरवरून शंका येते, निदान मात्र फ्लो सायटोमेट्रीने होतं. त्यात पेशींवरच्या खुणा तपासतात आणि सगळ्या बी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) एकाच पेशीपासून वाढल्यात का, ते कळतं. तशा एकाच वंशाच्या बी पेशी ५,०००च्या वर आणि किमान तीन महिने टिकलेल्या असतील तर सीएलएल. त्याहून कमी असतील, गाठी नसतील आणि बाकी रक्त ठीक असेल, तर नुसतं लक्ष ठेवतात.

कारणं दुसरीही असतात. अण्णा विडी-सिगारेट ओढतात का? कधी प्लीहा काढली आहे का? हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

पुणे_३४ : माझे लिम्फोसाइट ४५ टक्के आलेत, पांढऱ्या पेशी ५,२००. मलाही फ्लो करावी लागेल का? वाचून धडकी भरली.

जांभळी ट्यूब : गुणाकार करा, २,३४० येतात. ते ठीक आहेत. न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार, खाली आले की लिम्फोसाइटचे टक्के आपोआप वर दिसतात. तुमचे न्यूट्रोफिल किती आहेत ते तेवढं डॉक्टरांना दाखवा.

गोदाकाठ : ताई, मला २०१९ मध्ये सीएलएल निघाला. ‘ल्युकेमिया’ ऐकून बायको दवाखान्याच्या जिन्यातच बसली होती. हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांनी, आम्हाला शांतपणे समजावलं की फक्त लिम्फोसाइट वाढलेले असतील, गाठी नसतील, प्लीहा वाढलेली नसेल आणि हिमोग्लोबिन-प्लेटलेट चांगले असतील, तर ही पहिली पायरी. या पायरीवर औषध लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, म्हणून फक्त तपासण्या करत राहायचं. मी अजून औषधाविना आहे. पण रात्री अंग घामाने भिजणं, वजन उतरणं, मानेत-काखेत गाठ, हिमोग्लोबिन घसरणं किंवा सहा महिन्यांच्या आत काउंट दुप्पट होणं, यातलं काही दिसलं तर लगेच जायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. अण्णांचा आकडा दोन वर्षांत दुप्पट झालेला नाही, एवढा धीर धरा. निदान झालंच तर न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारा, आणि जिवंत विषाणूची लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

कृष्णाकाठची : तुम्हा दोघांचे फार आभार. अण्णा विडी ओढत नाहीत, ऑपरेशनही नाही. कंबरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो) काढतात म्हणे, त्याला ते घाबरलेत. ती तपासणी करावीच लागते का?

जांभळी ट्यूब : सीएलएलच्या निदानासाठी बहुतेकदा लागत नाही, हातातल्या रक्तावर भागतं. नमुना मात्र ताजा हवा. गावात रक्त काढून दोन-तीन दिवसांनी पाठवण्यापेक्षा अण्णांनाच मिरजेला किंवा कोल्हापूरला मोठ्या लॅबमध्ये न्या आणि सोमवार-मंगळवार गाठा, म्हणजे नमुना रविवारी अडकून पडणार नाही. तिन्ही वर्षांचे रिपोर्ट तारखेने लावून हिमॅटॉलॉजिस्टपुढे ठेवा. आणि तोवर कुणी सांगितलं म्हणून स्टेरॉइडची गोळी देऊ नका, तिने चित्र बदलतं.